लुटुपुटीचा सराव आणि खरा अधिकार

कामाची नवी पद्धत कामगारांच्या अंगवळणी पाडावयाची, तर आधी ती लुटुपुटीने करवून घ्यावी, असा मंत्र व्यवस्थापनशास्त्राचे पंडित अलीकडे सर्वत्र सांगत असतात. खोटे संकट उभे करावे, भूमिका वाटून द्याव्यात, अखेरीस चर्चा करावी. कारखान्यात यालाच मॉक ड्रिल म्हणतात. या रंगीत तालमीला आमचा विरोध नाही. तालमीत दिलेला अधिकार प्रत्यक्ष कामावर काढून घेतला जातो, यावर आमचा आक्षेप आहे.

शहाडमध्ये हा वाद पुस्तकी राहत नाही. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढताना कार्बन डायसल्फाइड वापरावा लागतो. त्याची वाफ हवेहून जड असते आणि ठिणगीवाचूनही सुमारे १०० अंश सेल्सिअस तपमानाला ती पेट घेऊ शकते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. पुढे २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतही तसाच आकांत झाला. धोकादायक रसायनांचा मोठा साठा बाळगणाऱ्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी सराव घेण्याची सक्ती तर १९८९ च्या नियमावलीने केव्हाच केलेली आहे!

मग उणीव कोठे आहे? भोंगा वाजला की कोठे धावावे, कोठे जमावे, हजेरी कोणी घ्यावी, हे अशा सरावात शिकवले जाते. म्हणजे अपघात झाल्यानंतरचे वर्तन शिकवले जाते. अपघातापूर्वी ‘हे काम थांबवा’ असे म्हणण्याचा सराव कोण घेतो? आणि घेतला, तरी ज्याच्या उद्याच्या कामाची दोरी ठेकेदाराच्या हाती आहे, तो कंत्राटी कामगार ते शब्द कोणाच्या बळावर उच्चारणार? भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कामगारास धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. काम थांबविण्याचा नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली संहिताही मालकाला व निरीक्षकाला कळविण्यापाशीच थांबते.

अधिकार दिला तर शिस्त बुडेल, अशी भीती मालकवर्ग घालतो. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस या संशोधकाने स्वयंचलित मागांवरील विणकरांपुढे गटाने काम करण्याची कल्पना मांडली. विणकरांनी ती उचलली आणि आपले गट आपणच बांधले; उत्पादनही सुधारले, मालही सुधारला. जपानच्या टोयोटा कारखान्यात दोष दिसताच साखळी थांबविण्याची मुभा साध्या कामगाराला असते. तेवढ्याने टोयोटाचे दिवाळे वाजलेले नाही.

म्हणून कामगार संघटनांनी सरावाच्या छायाचित्रांवर समाधान मानू नये. कंत्राटी कामगारासह प्रत्येकाला भरपगारी सराव मिळावा. काम थांबविणे हा त्या सरावाचा पहिला धडा असावा. गंभीर धोका दिसल्यामुळे जो कामावरून बाजूला होईल, त्यास आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराप्रमाणे संरक्षण असावे. २०२२ पासून तो करार मूलभूत करारांत गणला जातो.

हे मान्य नसेल, तर मालकांनी निदान सरावाला शिक्षण म्हणू नये. ज्याला ‘थांबा’ म्हणता येत नाही, त्याला पळावयास शिकविणे म्हणजे त्याच्या मरणाची तयारी नीटनेटकी करणे होय.