कागदावर मेलेले रोप



सरकारी दप्तरात जिवंत माणूस मयत दाखवल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशात एका रोपाच्या बाबतीत तसेच घडले. वाळवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरून २००० साली दोघा शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले 'गॅस्टरॅन्थस एक्स्टिंक्टस'. एक्स्टिंक्टस म्हणजे नामशेष झालेला. बारसे आणि बारावे एकाच दिवशी!

नाव उगाच दिले नव्हते. हे रोप सेंतिनेला नावाच्या डोंगरधारेवरचे. तिथे ढग झाडांना टेकतात, पाऊस नसतानाही पानापानांतून पाणी ठिबकते. त्या ओल्या सावलीत जमिनीलगत ते वाढते आणि त्याला भडक नारिंगी, फुगीर पोटाची फुले येतात. वरची झाडे तुटली, ऊन खाली आले, की रोप संपले. १९६० नंतर पश्चिम इक्वाडोरमध्ये रस्ते आले, मागोमाग केळी, कोको, तेलताड आले. तिथले शेकडा ९७ हून अधिक जंगल गेले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये संशोधकांची एक तुकडी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जंगलाचे उरलेसुरले तुकडे शोधत तिथे गेली. पहिल्या काही तासांतच हे 'मयत' रोप फुललेले सापडले. पुढे आणखीही ठिकाणी सापडले. त्यातली एक जागा म्हणजे धबधब्याभोवती खाजगीरीत्या राखलेले लास रोकासचे रान.

आम्हाला यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. जंगल तुटले की बोट शेतकऱ्याकडे दाखवले जाते. कुऱ्हाड आणि नांगर त्याचा होता, हे खरेच. पण केळी आणि कोको खाल्ला दूरदेशीच्या गिऱ्हाइकाने. त्याला केळी स्वस्त हवी, जंगलही हवे, आणि दोन्हींची किंमत मात्र शेतकऱ्याने मोजावी! हा हिशेब आम्हाला मान्य नाही. जो रान राखतो, त्याला राखण्याचे दाम मिळाले पाहिजे. उपदेशाने रान राहत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. 'सगळे गेलेच, आता उरले काय' असे एकदा म्हटले की शेवटचा तुकडाही मोडायला कोणी मागेपुढे पाहत नाही. मेलेल्याची राखण कोण करणार? ते रोप आज जिवंत असले तरी काठावर आहे. त्याचे तुकडे लहान, एकमेकांपासून तुटलेले. एखादा उतार आणखी साफ झाला, की २००० सालचे नाव खरे ठरायला वेळ लागणार नाही.

आपल्या कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात ढगांचे रान नाही. पण ओढ्याकाठचा, टेकाडाचा, बांधाकडेचा तुकडा आहे. सातबारावर त्याला पोटखराबा म्हणतात. तिथे काय उगवते, ते आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, दप्तराला नाही. जिल्हा बैठकीला येताना आपल्या शिवारातल्या अशा जागांची नोंद करून आणा. कागदाने मारण्याआधी आपण त्या मोजून ठेवू.