वाशिष्ठी खोऱ्यातील लोकसंख्या व पूरसंरक्षण : निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : पूरसंरक्षणाचे नियोजन वाडीत प्रत्यक्ष राहणारी माणसे पाहून करण्याबाबत.

महोदय,

वाशिष्ठी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावते आणि चिपळूणमार्गे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. खेडकडची जगबुडी ही तिची प्रमुख उपनदी. घाटमाथा ते समुद्र हे अंतर थोडे, उतार तीव्र. त्यामुळे कड्यांवरचा पाऊस काही तासांत सखल भागात उतरतो. भरतीच्या वेळी निचरा मंदावतो. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही कोळकेवाडीमार्गे याच पात्रात येते. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटून घरे माणसांसह वाहून गेली. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले.

हे खोरे ज्या रत्नागिरी जिल्ह्यात येते, त्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. 2011 मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. सहा वर्षांखालील वयोगटात मात्र मुलीच मुलांपेक्षा कमी होत्या. यावरून कर्ते पुरुष कामधंद्यासाठी मुंबईकडे गेल्याचे स्पष्ट होते. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, तेव्हा वाडी भरते. ऐन आषाढात अनेक घरांना कुलूप असते आणि उघड्या घरात म्हातारी माणसे असतात. रात्री पाणी चढू लागले, तर भाताची कणगी माळ्यावर चढवायला किंवा गोठ्यातली जनावरे सोडायला तरणा हात मिळत नाही. शिधापत्रिकेवर नावे सहा असली, तरी घरात माणसे दोनच असतात.

सबब पुढील मागण्या सादर आहेत :

1. पावसाळ्यापूर्वी वाडीनिहाय पाहणी करून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, आजारी व अपंग व्यक्तींची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी.
2. नदीकाठच्या व दरडप्रवण वाड्यांत भोंगे बसवावेत. केवळ मोबाइल संदेशावर विसंबू नये.
3. कोळकेवाडीतील विसर्ग व भरतीच्या वेळा एकत्र जाहीर कराव्यात.
4. पात्रातील गाळ दरवर्षी मे अखेरपूर्वी काढावा.
5. आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. त्या वेळी चाकरमानी शहरात असतील. म्हणून सणांच्या काळातील लोकसंख्येची स्वतंत्र नोंद घेऊन पाणी, आरोग्य व एसटीचे नियोजन करावे.

वरील मागण्यांवरील निर्णय पावसाळ्यापूर्वी लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
वाशिष्ठी खोऱ्यातील ग्रामस्थ