लॉनऐवजी जलपिंपळी

पुण्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो. बाकीचे आठ महिने बंगल्यापुढची लॉन नळाच्या पाण्यावर जगते. पाणीकपातीच्या शहरात हे मला गैर वाटते. त्याऐवजी ओलसर नदीकाठी आपोआप पसरणारी जलपिंपळी लावावी. एकदा रुजली की तिला लॉनपेक्षा कमी पाणी पुरते, पेरापेरांतून फुटणारी मुळे माती धरून ठेवतात आणि फुलांवर मधमाश्या येतात. ती बागभर पसरेल, ही शंका रास्त आहे. पण विटांची कड आणि अधूनमधून छाटणी केली की ती आटोक्यात राहते. मुले अनवाणी खेळतात तिथे ती लावू नये, मधमाशी डसू शकते. नर्सरीतली पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र घेऊच नका. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे.