निरामिष म्हणजे हितकर काय?

अंबड तालुक्यातील एक गृहिणी मध्यंतरी चिकित्सालयात आल्या. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोस असतो. सुटीवर येताना त्याने तेथील सुपरमार्केटमधून झटपट नूडल्सचे काही कप आणले होते. मांस, मासे, अंडी, इतकेच नव्हे तर दूधही नसलेले, म्हणजे ‘व्हीगन’. एक कप टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, आमच्यात कोणी अंडंसुद्धा खात नाही. पोरगा रोज रात्री हेच खातो. चालेल ना?”

उत्तर देण्यापूर्वी तो कप मी स्वतः खाल्ला. तिळाचा खमंग वास, किंचित तिखट रस्सा. चव उत्तम होती, हे मान्य केलेच पाहिजे. रात्री मात्र पाणी पिण्यासाठी दोनदा उठावे लागले.

जपानी रश्श्यात बहुधा सुकवलेल्या माशांचा अथवा डुकराच्या हाडांचा अर्क असतो. त्यामुळे आपल्याकडील शाकाहारी तरुणाची तेथे अडचण होते आणि असा कप त्याला आधार वाटतो, हे स्वाभाविक आहे. परंतु ‘व्हीगन’ हा शब्द केवळ द्रव्याचे मूळ सांगतो. ते द्रव्य हितकर आहे की नाही, हे सांगत नाही. भारतातही २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र विनियम व बोधचिन्ह आले. ते चिन्ह पाहून रुग्ण निश्चिंत होऊ लागला, तर त्याला सावध करणे आपले काम आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराच्या परीक्षणासाठी प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आठ आयतने सांगितली आहेत. नूडल्सचा विचार ‘करण’ म्हणजे संस्कारापासून करावा. मैद्याचे पिष्ट आधीच गुरू. ते बहुधा तेलात तळून वाळवलेले. पीठ लवचीक व पिवळसर व्हावे म्हणून त्यात सामान्यतः क्षारयुक्त पाणी घालतात. राशीचे म्हणाल, तर अशा एका कपात साधारणतः ४ ते ६ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.

त्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. क्षाराच्या अतिसेवनाचे उदाहरण म्हणून तेथे प्राच्य व चीन देशीयांचा उल्लेख येतो. पण हे वाचून आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. आपल्या पापडातही पापडखार असतो आणि लोणच्याच्या बरणीत मिठाला तोटा नसतो. फरक इतकाच, की पापड-लोणचे आपण तोंडी लावतो. येथे तेच पूर्ण जेवण झाले आहे.

तरीही “आजपासून बंद” असे मी सांगितले नाही. सात्म्य झालेले अहितकर द्रव्य क्रमाक्रमाने सोडवावे, हा आचार्यांचा उपदेश व्यवहार्य आहे. मुलाने आठवड्यातून दोनदाच हे खावे, मसाल्याची निम्मी पुडी टाकावी, रस्सा पिऊ नये, भाजी व मूग घालावेत, असे सुचवले. आणि विचारले, “तुमच्या बाजेवर वाळलेल्या शेवया त्याच्यासोबत का देत नाही?” त्या हसल्या. म्हणाल्या, “शेवया करणं आता कुठं होतं? आम्हीच विकत आणतो.”

खरी खंत येथे आहे. मराठवाड्यात चैत्र-वैशाखातील वळवट ही गावोगावची झटपट अन्नाची व्यवस्थाच होती. गव्हाच्या सपिटाच्या, उन्हात वाळवलेल्या, न तळलेल्या या शेवया भाजून ठेवल्या, की पाच-सात मिनिटांत शिजतात. विकतच्या शेवया मात्र पुष्कळदा मैद्याच्याच असतात.

वैद्यबंधूंनो, पोथीतील आठ आयतने आपण परीक्षेसाठी पाठ केली. आता ती रुग्णाला त्याच्या भाषेत सांगू या. ‘शाकाहारी आहात का?’ एवढ्यावर आहाराचा प्रश्न संपवू नका. ‘रात्री काय खाता आणि ते कसे बनते?’ हेही विचारा. त्या माउलींनी या उन्हाळ्यात पाट पुन्हा काढण्याचे कबूल केले आहे. माझ्या औषधापेक्षा त्याचाच गुण अधिक येईल, असे मला वाटते.