पृथ्वीच्या कला



चंद्राच्या कला आपल्या घरांत निराळ्या शिकवाव्या लागत नाहीत, कारण आपले महिनेच चंद्रावर चालतात. रोश होदेशनंतर पश्चिमेस बारीक कोर दिसते आणि पेसाहच्या रात्री पूर्ण बिंब आकाशात असते. परंतु आपल्या पृथ्वीसही अशाच कला आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाहणारा पृथ्वीबाहेर गेला म्हणजे त्या दिसू लागतात. या वेळी त्यांचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मुलांना जवळ बसवून एक लहानसा प्रयोग करावा. खोलीत अंधार करून एकच दिवा लावावा व त्याच्यासमोर एक मोसंबे ठेवावे. दिवा मोसंब्याचा अर्धाच भाग उजळतो. मुलांनी त्याच्याभोवती हळूहळू फिरावे. कोठून पूर्ण उजेड दिसेल, कोठून अर्धा, कोठून नुसती कोर. मोसंबे जागचे हललेले नाही. पाहणाऱ्याची जागा तेवढी बदलली. कलांचे सारे मर्म एवढ्यात आले.

आता आपण चंद्रावर उभे आहोत अशी कल्पना करू. चंद्राची एकच बाजू नेहमी पृथ्वीकडे असते. त्या बाजूवरून पाहिल्यास पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही. ती आकाशात जवळजवळ एकाच जागी असते. आपल्याला चंद्र जेवढा दिसतो, त्याच्या सुमारे पावणेचार पट रुंद असे तिचे बिंब दिसते. तिच्या कला मात्र चंद्राच्या नेमक्या उलट असतात. आपल्याकडे अमावस्या, तेव्हा तेथून पृथ्वी पूर्ण. आपल्याकडे पूर्ण चंद्र, तेव्हा तेथून पृथ्वी काळोखी. म्हणजे पेसाहच्या रात्री आपण पूर्ण चंद्र पाहत असतो, त्या वेळी चंद्राच्या आकाशात आपली पृथ्वी अमावस्येची असते!

चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, याचे चित्र प्राग शहरातील पेत्र गिन्झ नावाच्या एका यहुदी मुलाने काढले होते. ते त्याने काढले तेरेझिनच्या बंदिवासात, जेथून बाहेर पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. १९४४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आउशविट्झ येथे त्याचा अंत झाला. चित्र मात्र वाचले. याद वाशेममधील त्या चित्राची प्रत इस्राएलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन यांनी जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानातून आपल्याबरोबर नेली. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना ते यान नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्यू पावले. पेत्र जिवंत असता, तर त्याच दिवशी त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली असती.

चंद्राहून दूर, मंगळावर गेल्यास देखावा निराळा होतो. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे आपल्याला जसा शुक्र, तशी मंगळवासीयास पृथ्वी: कधी संध्याकाळची चांदणी, कधी पहाटेची, पण सूर्यापासून फार दूर कधीच नाही. शेजारी चंद्राचा लहानसा ठिपका असतो व तो सुमारे सत्तावीस दिवसांत तिच्याभोवती फेरी घालतो. दुर्बिणीतून पाहिल्यास दोघांची कला नेहमी जवळजवळ सारखीच दिसेल, कारण दोघांवर एकाच दिशेने ऊन पडते.

पृथ्वी सूर्यापलीकडे असते तेव्हा ती पूर्ण, परंतु अगदी लहान दिसते. त्या वेळी अंतर ४० कोटी किलोमीटरपर्यंत जाते. जवळ येऊ लागली की बिंब मोठे होते आणि उजळ भाग घटत घटत कोरीवर येतो. सर्वांत जवळ, म्हणजे साडेपाच ते दहा कोटी किलोमीटरवर आली, की ती सूर्याच्या तेजात दिसेनाशी होते. या साऱ्या चक्रास सुमारे ७८० दिवस लागतात. १६ जानेवारी २०२५ रोजी मंगळ आपल्या आकाशात सूर्याच्या समोर येऊन रात्रभर झळकत होता. त्याच वेळी मंगळावरून पृथ्वीची अमावस्या होती.

ही केवळ कल्पना नव्हे. ८ मे २००३ रोजी मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सुमारे अर्ध्या उजळलेल्या पृथ्वीचे छायाचित्र घेतले. ८ मार्च २००४ रोजी ‘स्पिरिट’ या गाडीने मंगळाच्या भूमीवरून, सूर्योदयापूर्वी, आपली पृथ्वी टिपली. सारे खंड, सारे समुद्र मिळून एक ठिपका!

१६१० च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला. तशीच दुर्बीण घेऊन मंगळावर बसलेल्यास दोन-सव्वादोन वर्षांत पृथ्वीविषयी तेच कळेल. आपण मात्र पृथ्वीवरच राहतो. गलबतात बसलेल्यास किनाराच सरकताना दिसतो, तसे आपल्याला सूर्यच फिरताना दिसतो. आपल्या घराची गती बाहेरून अधिक स्पष्ट दिसते, हे गाव सोडून आलेल्या आपल्या लोकांस अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि पृथ्वीची कला ओळखण्यास मंगळावर जावयास नको. रोश होदेशनंतर दोन-तीन दिवसांनी, सूर्यास्त झाल्यावर, मुलांना पश्चिमेकडे न्यावे. येथेही कोकणाप्रमाणे समुद्र पश्चिमेसच आहे. कोरीच्या कवेत चंद्राचा उरलेला भागही अंधूक दिसेल. तो उजेड आपलाच आहे: त्या वेळी चंद्राच्या आकाशात पृथ्वी जवळजवळ पूर्ण असते आणि तिच्यावरून परतलेले ऊन तेथे चांदण्यासारखे पडते. हा उजेड कोठून येतो, हे मुलांना आधी विचारावे. उत्तर मागाहून सांगावे.