टबातली भरती-ओहोटी

गणपतीत सगळे जमले होते तेव्हा थोरल्या काकांनी भर पंगतीत ऐकवलं, "जन्मभर काळ्या रानात राबलेल्या माणसाला तू प्लास्टिकच्या टबात शेती करायला लावलीस? मातीशिवाय गाजर म्हणजे निव्वळ थट्टा!" हातात वाढपाचं भांडं होतं, म्हणून गप्प बसले. आता बोलते. काकाही माझं लिखाण वाचतात म्हणे, तेव्हा बरंच झालं.

आधी हा टब करतो काय ते बघा. कमरेइतक्या उंच लोखंडी स्टँडवर ३० सेंमी खोल टब, खाली खतपाण्याची टाकी, तिच्यात छोटा पंप, पंपाला टायमर. पंप सुरू झाला की टबात पाणी खालून चढतं आणि वरून ३-४ सेंमी खाली बसवलेल्या नळीतून जादा पाणी परत टाकीत पडतं. पंप थांबला की आल्या वाटेने सगळं उतरतं आणि उतरताना मुळांपाशी ताजी हवा ओढून घेतं. भरती-ओहोटी, बास. काका, मुळांना पाणीही आणि हवाही, यालाच तुम्ही वाफसा म्हणता ना?

किट विकणारेही काही कमी नाहीत हं! "लावा आणि विसरा" म्हणे. पालेभाजीला चालतात ते भाजक्या मातीचे गोळे गाजरालाही गळ्यात मारतात. पहिल्या खेपेला आमची गाजरं दोन-दोन तंगड्यांची निघाली. मूळ खाली जाताना गोळ्यावर अडलं की फाटे फुटणारच. आता गोळे फक्त तळाला, त्यावर जाळी, आणि वर धुतलेलं कोकोपीट नि परलाइट. बी थेट टबातच टाकायचं, कारण रोप काढून लावलं की सोटमूळ दुखावतं. कोकोपीट ओल धरून ठेवतं, त्यामुळे दिवसातून एक-दोनदा भरती पुरते. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि खाली मुळा मात्र शेपटीएवढा.

यातलं काहीएक टायमरला कळत नाही. आबांना कळतं. पाला बघूनच ते म्हणाले, "खत कमी कर, माजलाय."

हा टब शेतकऱ्याचं भलं करेल असा माझा दावा नाही. पंप, खत, कोकोपीट सगळं धरलं तर आमचा मुळा मंडईपेक्षा महागच पडतो. पण गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आबांना खाली बसता येत नाही. दोन वर्षं ते गॅलरीत नुसते रस्त्याकडे बघत बसायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही, की या माणसाचे हात आता काय करतात? आणि रान विकलं तेव्हा मातीचा कळवळा कुणालाच आला नव्हता. माझ्यासकट.

असो. काका, रविवारी या. मुळा आबाच उपटून देतील, उभ्या उभ्या.