मतासाठी चित्र, हक्कासाठी कोडे

माहिती संकेतस्थळावर टाकली की ती जनतेला दिली, अशी सोयीस्कर समजूत शासनयंत्रणेने करून घेतली आहे. आम्हाला ती मान्य नाही. ज्याच्यासाठी माहिती आहे त्यालाच ती कळत नसेल, तर ती दिलीच गेली नाही, असे आम्ही म्हणतो.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच घ्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे लेखी मांडली, त्यात शिक्षणाची मागणी होती. १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात यायचे. आता 'जोडलेले' म्हणजे काय? बँकेत आधारची झेरॉक्स दिली, बँकेने नंबर नोंदवला, म्हणजे खाते जोडले गेले, असे कोणत्याही सरळ माणसाला वाटेल. पण तसे नाही! अनुदानासाठी बँकेला वेगळी संमती देऊन ते खाते एनपीसीआयच्या नोंदीत चढवावे लागते. त्याला म्हणे 'सीडिंग' म्हणतात. (शेतमजुराच्या पोराला यातून पेरणीच आठवणार.) त्या नोंदीत एका आधारवर एकच खाते चालते, नंतर दुसऱ्या बँकेत सीडिंग झाले की पैसे तिकडे जातात. मग पोरगा पासबुक घेऊन फिरतो. बँक सांगते, आधार लिंक आहे. कॉलेज सांगते, अर्ज मंजूर आहे. दोघेही खरेच बोलतात आणि खात्यात दमडी नसते. इकडे फी थकलेली, खानावळीचे पैसे थकलेले, आणि त्याच्याबरोबर खेपा घालणाऱ्या आईचा रोज बुडतो तो वेगळाच. हा फरक अर्जाच्या पानावरच सोप्या मराठीत चार ओळींत सांगायला किती खर्च येतो?

अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असे मांडणे या देशाला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावले. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. पाटी-पुस्तकाला कधी हात न लागलेल्या आमच्या आया-आज्यांना हत्तीची पेटी ओळखायला कोणाची मदत लागली नाही. त्या कामाचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण मत घेताना दाखवलेली ही अक्कल हक्क देताना कुठे जाते, हा आमचा सवाल आहे.

यात आम्ही उपकार मागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमातच लिहिले आहे की माहिती लोकांना सहज मिळेल अशा रूपात, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक संपर्काची पद्धत पाहून द्यावी. सामाजिक न्याय खात्याने एवढेच करावे: अर्जाचे पान खुले करण्याआधी ते वसतिगृहातल्या दहा पोरापोरींपुढे ठेवावे, साहेबांनी शेजारी गप्प बसावे, आणि पोरे जिथे अडखळतील ती ओळ बदलावी. दहावी शिकलेल्या मुलाला स्वतःचा अर्ज भरायला सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजावे लागत असतील, तर चूक मुलाची नाही.

आणि थोडे आपल्याकडेही बघू. आपल्या विहारांच्या फलकांवर वर्गणीदारांची नावे ठळक अक्षरांत असतात. त्याच भिंतीवर शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, लागणारे दाखले आणि सीडिंगचा हा घोळ मोठ्या अक्षरांत लिहायला शासनाच्या परवानगीची गरज नाही.